पुस्तकातील बोलकी चौकट

सोलापूर जिल्ह्यात परितेवाडी हे लहानसे गाव आहे. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले गुरुजी तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. तेथील काही मुलांची मातृभाषा कन्नड होती. पुस्तकातील मराठी त्यांना उमगत नसे. म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले. त्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडच्या छोट्या चौकटी घातल्या. मोबाइल फोन चौकटीवर धरताच कविता कानी पडे, पाठ चित्ररूपाने दिसे. न समजलेला भाग मूल घरीही पुन्हा ऐकू शके. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशा चौकटी आल्या. २०२० मध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. यंत्र पाठ कितीही वेळा ऐकवते. मूल कोठे अडले आहे, हे मात्र गुरुजींनीच ओळखले होते.