ह्यूग : विकत न मिळणारी ऊब

२०१६ साली इंग्लंडमध्ये एका डॅनिश शब्दाची साथच आली होती. ऑक्सफर्ड आणि कॉलिन्स या दोन्ही कोशांनी वर्षातल्या ठळक शब्दांच्या यादीत तो घेतला. माइक विकिंग यांचं त्यावरचं छोटेखानी पुस्तक हातोहात खपलं आणि मेणबत्त्या, लोकरी मोजे, गोधड्या असं सगळं त्याच नावाखाली विकायला आलं. तो शब्द म्हणजे 'ह्यूग'. ओठ 'ऊ'सारखे गोल करून 'ई' म्हणा, शेवटचा 'अ' अगदी हलका सोडा, की उच्चार जवळपास जमला.

आपण भाषेची मंडळी, म्हणून आधी शब्दाकडे बघू. मूळचा तो नॉर्वेकडचा. डॅनिश लिखाणात सुमारे १८०० पासून दिसू लागतो. आज तो नाम आहे, क्रियापद आहे, आणि 'ह्यूगेली' असं विशेषणही आहे. गंमत म्हणजे त्याला नकार जोडून 'उह्यूगेली' केलं की अर्थ 'भीतिदायक' होतो! म्हणजे ऊब गेली की उरते ती नुसती नावड नव्हे, धास्ती. मराठीत याला काय म्हणाल? 'निवांतपणा' म्हटलं तर माणूस एकटाही निवांत असतो. 'मैफल' म्हटलं की कुणीतरी गाणारा हवा, बाकीचे ऐकणारे. ह्यूगमध्ये असा कुणी उत्सवमूर्ती नसतो. मला विचाराल तर 'ऊब' हाच शब्द जवळचा, कारण आपण मायेचीही ऊब म्हणतो आणि शेगडीचीही.

(जाता जाता : मराठीचा आणि डेन्मार्कचा एक जुना धागा आहे. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, आणि ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होतं.)

हा शब्द तिथेच एवढा का रुजला? कोपनहेगनला डिसेंबरात सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. कॉलेज सुटायच्या आत रात्र! अशा देशात दिव्याला मान असणारच. मेणबत्तीला डॅनिशमध्ये 'जिवंत उजेड' म्हणतात. विजेचे झगझगीत बल्ब आले तेव्हा पाउल हेनिंगसेन नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात एकावर एक पाकळ्यांसारख्या झडपा असलेला दिवा तयार केला. त्यात उजेड मिळतो, पण बल्ब डोळ्यांत खुपत नाही. आजही तो तिथल्या घरांत जेवणाच्या टेबलावर खाली लोंबताना दिसतो. खोलीभर सारखा पांढरा उजेड पाडण्यापेक्षा माणसं बसली आहेत तिथेच थोडा पिवळसर उजेड. आपल्या ट्यूबलाइटच्या खोलीत हा एक बदल सहज करता येईल, एका टेबललॅम्पवर भागतं.

पण दिवा लावला म्हणजे ह्यूग झालं, असं समजू नका. त्याचे अलिखित नियम आहेत. यजमानाने एकट्याने राबायचं नाही, भाजी चिरायला सगळे बसतात. बढाई मारायची नाही. वादाचे विषय बाजूला ठेवायचे. खाणं साधं चालतं, किंबहुना साधंच बरं. शुक्रवारी संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून टीव्ही बघत गोड खायचं, याला तर त्यांनी 'शुक्रवारचं ह्यूग' असं नावच देऊन टाकलंय.

आता जे पुस्तकं विकणारे फारसं सांगत नाहीत ते. डेन्मार्कमध्ये कामाचा आठवडा साधारण ३७ तासांचा असतो. तिथल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची फी नाही, वर सरकारकडून दरमहा भत्ता. चार-पाच वाजता घरी पोचलेल्या, फीची काळजी नसलेल्या माणसाला संध्याकाळ शांत वाटणं सोपं आहे. २०१२, २०१३ आणि २०१६ च्या जागतिक आनंद अहवालांत डेन्मार्क पहिला होता, त्याचं सगळं श्रेय मेणबत्त्यांना देणं मला तरी पटत नाही. सकाळी कॉलेज, दुपारी पार्टटाइम काम, रात्री अभ्यास अशी धावपळ करणाऱ्या आपल्या मित्राला 'जरा निवांत राहायला शीक' म्हणण्याआधी याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. येप्पे त्रोले लिनेट या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञांनी २०११ च्या एका लेखात दाखवलं की ह्यूगला पाठही असते. आतल्या वर्तुळात ऊब असते, आणि ज्यांना 'ह्यूग जमत नाही' असं मानलं जातं ते बाहेर राहतात. सगळ्यांना जुने विनोद माहीत असतात, नव्याला हसावं कुठे तेच कळत नाही.

हे आपल्याकडे होत नाही का? कँटीनच्या कोपऱ्यातला आपला ग्रुप मस्त जमलेला असतो. पलीकडच्या बाकावर पहिल्या वर्षाचा एक मुलगा डबा उघडून एकटाच जेवत असतो. त्याची मराठी आपल्यापेक्षा वेगळ्या हेलाची, म्हणून तो बोलत नाही. त्याला बोलवायला टेबललॅम्प लागत नाही. थोडं सरकून बसावं लागतं, आणि त्या दिवसापुरते ग्रुपचे जुने विनोद आवरते घ्यावे लागतात.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीतला एक शब्द आणावा, चार माणसं जमून बसल्यावर जे वाटतं त्याचा. कोकणी, कन्नड, उर्दू, काहीही चालेल. चहा मंडळातर्फे, चिवडा ज्याने त्याने आणायचा.