चौथ्या शीलातून पाचव्याकडे

पंचशीलातील पाचवे शील मद्यापासून विरत राहण्याचे आहे; परंतु व्यसनात अडकलेल्यास परतीची वाट चौथ्या शीलातून, म्हणजे असत्य न बोलण्यातून, सापडते. ऊसतोडीच्या फडावर आणि आपल्या बीड जिल्ह्यातील गावोगावच्या पारावर ‘अंग दुखते म्हणून घेतो, ठरवले तर उद्या सोडीन’ हे वाक्य आपण ऐकतो. घरचेही ‘थकला आहे’ म्हणत त्यावर पांघरूण घालतात. हा नकार व्यसनाच्या आजाराचाच भाग होय. म्हणूनच १९८६ पासून पुण्यात कार्यरत असलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र रुग्णासोबत कुटुंबालाही उपचारात सामावून घेते. आपणही दोष न देता एवढेच विचारावे : मागे सोडली होती, ती किती दिवस? खरे उत्तर त्याच्याच तोंडून आले, की उपचाराची वाट सुकर होते.