छत्रक-परीक्षा : वनातील ओळख आणि चिकित्सकाची जबाबदारी

पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानात अळंबी उगवू लागली की ती बाजारात येते, घराघरांत शिजते, आणि क्वचित विषबाधेचा रुग्णही आपल्या दारी येतो. म्हणून प्रत्येक वैद्याने छत्रकाची ओळख स्वतः करून घेणे अगत्याचे आहे.

शास्त्राधार : सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात पेंढा, ऊस, शेण, बांबू व भूमी या उत्पत्तिस्थानांनुसार उद्भिदांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. चरकाचार्यांनी छत्रजातींना शीत, मधुर व गुरू म्हणताना सर्पच्छत्रक स्पष्टपणे वगळले आहे. सर्व छत्रके एकसारखी नाहीत, हा इशारा त्यातच आहे.

वनातील परीक्षा : प्रथम स्थान पाहावे : वारूळ, शेण, कुजके लाकूड की गवत? छत्रक उपटू नये. सुरीने भोवतालची माती उकरून मुळासकट काढावे. वारुळावरील अळंबीचा देठ खाली निमुळता होत मुळासारखा वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. देठाच्या बुडाशी पिशवीसारखे वेष्टन व वर वलय दिसल्यास ते विषारी अमानिटा कुळातील असू शकते. ते त्याज्य समजावे. वरून कापलेल्या देठात ही खूण मातीतच राहून जाते.

बीजाणू-ठसा : टोपी अर्धी पांढऱ्या व अर्धी काळ्या कागदावर पालथी ठेवून वर भांडे झाकावे. काही तासांनी ठसा उमटतो. वारुळावरील अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो. गवताळ जागी येणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी छत्रकाचा ठसा हिरवट असतो. कोवळेपणी त्याच्या टोपीखालचे पापुद्रे पांढरेच असल्याने नुसत्या नजरेने फसगत होते. मात्र ठसा हे एकच लक्षण आहे. स्थान, देठ व बूड यांच्याशी ते जुळले पाहिजे.

चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण रंग बदलणे किंवा किड्यांनी खाल्लेले असणे या परीक्षा निरर्थक आहेत. अमाटॉक्सिन हे विष शिजवल्याने अथवा वाळवल्याने नष्ट होत नाही.

रुग्ण आल्यास : सेवनानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा वांती-अतिसार सुरू झाल्यास यकृतघातक विषाची शंका घ्यावी. दुसऱ्या दिवशी रुग्णास बरे वाटते; त्या उपशमावर विसंबू नये, कारण त्यानंतर यकृत निकामी होऊ शकते. अनेक जाती एकत्र खाल्ल्या असल्यास लक्षणे लवकर दिसली तरी धोका टळत नाही. रुग्णास विलंब न करता सुसज्ज रुग्णालयात पाठवावे व उरलेले छत्रक कागदात गुंडाळून सोबत द्यावे.

औषधालयांसाठी : रानातील छत्रकाचे चूर्ण घेऊ नये, चूर्णात ओळखीची सर्व लक्षणे लोपतात. अखंड, बुडासहित नमुना व संग्रहस्थानाची नोंद यांचाच आग्रह धरावा. ओळख निश्चित होत नसेल, तर ते द्रव्य नाकारणे हाच योग्य निर्णय होय.