सर्वांत मोठा मासा

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात लिंबोटी येथे मन्याड नदीवर मोठे धरण आहे. मन्याडीचे पाणी पुढे मांजरेस, मांजरेचे गोदावरीस मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. पाणी समुद्रास पोचते खरे. परंतु समुद्र या तालुक्यापासून कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे येथील मुलांना मासा म्हटला, की तळ्यातील रोहू, कटला किंवा मरळ हेच आठवतात. मराठवाड्यातील तळ्यांत पावसाळ्याच्या सुमारास मत्स्यबीज सोडतात. या बोटभर लांबीच्या पिलांना बोटुकली असे म्हणतात. ती वाढली, की जाळी पडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे बीज सोडले जाते. रोहूची मादी दोन-तीन वर्षांतच अंडी घालण्याच्या वयास येते व एका हंगामात लाखो अंडी घालते. शेतातील जोंधळ्यासारखे हे पाण्यातील पीकच होय. पेरावे, कापावे, पुन्हा पेरावे.

समुद्रातील सर्वच मासे असे पिकत नाहीत. शार्क माशांना आपल्या किनाऱ्यावर मुशी म्हणतात. त्यांच्या कुळातील व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा होय. नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. व्हेल म्हणजे देवमासा. तो मासा नव्हेच. तो हवेत श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. व्हेल शार्क मात्र कल्ल्यांनी श्वास घेणारा खराखुरा मासा आहे. पूर्ण वाढलेला व्हेल शार्क एस. टी. च्या गाडीएवढा लांब असतो आणि अठरा मीटरपर्यंत लांबीच्या माशांचीही नोंद झालेली आहे. एवढ्या प्रचंड देहाच्या प्राण्याचे भक्ष्य काय असावे? समुद्राच्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जवळ्यासारखी बारीक कोळंबी, माशांची अंडी आणि लहान मासे! त्याच्या जबड्यात हजारो दात आहेत, पण ते अगदी बारीक असून खाण्याच्या कामी फारसे येत नाहीत. तो तोंड उघडून पोहतो, पाणी आत घेतो आणि कल्ल्यांजवळच्या चाळणीतून ते गाळून बाहेर टाकतो. माणसाच्या वाटेस तो जात नाही.

त्याच्या करड्या पाठीवर पांढरे ठिपके असतात. ज्याप्रमाणे दोन माणसांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात, त्याप्रमाणे दोन व्हेल शार्कांच्या ठिपक्यांची रचनाही सारखी नसते. छायाचित्रांवरून ही रचना ताडून पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी जी गणिती रीत उपयोगात आणली, ती मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातील तारकासमूह जुळवून पाहण्यासाठी तयार केली होती. समुद्रातील मासा ओळखावयास आकाशाचे गणित उपयोगी पडावे, ही गोष्ट मोठी मौजेची आहे.

परंतु हा मासा वयात येण्यास सुमारे पंचवीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. १९९५ साली तैवानमध्ये पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिले आढळली. ही संख्या मोठी वाटते. पण रोहूच्या लाखो अंड्यांपुढे ती काहीच नव्हे. शिवाय त्या पिलांतील किती जगत असतील, हा प्रश्न उरतोच. जोंधळा कापला तर पुढच्या हंगामात पुन्हा उगवतो. जुना वड तोडला, तर त्याच्या जागी तेवढा वड पाहण्यास एक पिढी पुरत नाही. व्हेल शार्कची गोष्ट वडासारखी आहे. २०१६ साली निसर्ग संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केली.

आपल्या देशात त्याची मोठी शिकार सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होत असे. मच्छीमार त्याच्या अंगात दोर बांधलेला भाला घुसवीत आणि दोराला पिंपे बांधीत, म्हणजे मासा खोल जाऊ शकत नसे. त्यावरून तेथे त्याला ‘बॅरल’ असेच नाव पडले होते. यकृताचे तेल होड्यांच्या लाकडास लावीत, मांस परदेशी जाई. २००१ साली केंद्र शासनाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या माशाचा समावेश केला. या अनुसूचीत वाघ व हत्ती यांच्या पंक्तीस बसलेला हा पहिलाच मासा. तथापि दूरच्या राजधानीतील आज्ञा भर समुद्रातील होडीपर्यंत आपोआप पोचत नाही. ती पोचविण्यासाठी २००४ पासून गुजरातेत लोकजागृती झाली. कथाकार मोरारी बापू यांनी या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव दिले आणि बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली. जे दंडाच्या भयाने झाले नसते, ते या एका नावाने पुष्कळसे साधले. पुढे ज्यांनी पूर्वी भाले फेकले, त्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनीच शेकडो मासे जाळी कापून सोडून दिले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रश्न थोडा निराळा आहे. येथे तो मुख्यतः चुकून जाळ्यात सापडतो. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रापण नावाची मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे दोरांनी ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे सर्वांत होतात. लहान माशांच्या थव्यामागे आलेला व्हेल शार्क कधी कधी याच जाळ्यात शिरतो. खोल पाण्यातील मोठ्या जाळ्यांतही तो अडकतो. अशा वेळी मच्छीमारापुढे कठीण प्रसंग उभा राहतो. जाळे कापावे, तर दिवसाची मासळी गेली आणि जाळेही गेले; न कापावे, तर मासा गुदमरून मरणार. कायद्याचा धाक आहेच : पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण ज्याने शिकार केलेली नाही, ज्याच्या जाळ्यात मासा आपण होऊन आला, त्याच्या नुकसानीचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एक योजना सुरू केली. व्हेल शार्क, समुद्री कासव, डॉल्फिन असे संरक्षित जीव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास वन विभागाचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग यांच्यामार्फत पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेची छायाचित्रे पुरावा म्हणून द्यावी लागतात. ही रक्कम प्रत्येक वेळी पुरेशी असते असे नव्हे. मोठ्या जाळ्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते, आणि अंधाऱ्या रात्री, उसळत्या लाटांवर, हातात सुरी असता छायाचित्र काढणे हे टेबलाशी बसून वाटते तेवढे सोपे नाही. तरीही मासा वाचविण्याचा सारा भार एकट्या होडीवाल्याने सोसू नये, एवढे तत्त्व या योजनेने मान्य केले आहे.

व्हेल शार्क पाहण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्यांनाही काही देशांत नियम आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे पोहणाऱ्याने माशाच्या अंगापासून तीन मीटर व शेपटीपासून चार मीटर दूर राहावे लागते. एका वेळी दहांहून अधिक माणसे त्याच्याजवळ पोहू शकत नाहीत. त्यास हात लावण्यास किंवा झगझगीत प्रकाश टाकून छायाचित्र घेण्यास मनाई आहे. बिचकलेला मासा खाणे सोडून खोल पाण्यात निघून जातो. त्याच्या शेपटीचा तडाखा माणसास सोसवणारा नसतो, ते वेगळेच.

जाळ्यातून सोडविण्याच्या कामीही घाई घातक ठरते. शार्कच्या देहात हाडे नसून कूर्चांचा सांगाडा असतो. पाणी अंगाखाली असते तोवर ते त्याचा भार पेलते; वाळूवर ओढला, तर स्वतःच्याच वजनाखाली त्याच्या आतील इंद्रियांना इजा होते. म्हणून माहीतगार मच्छीमार शेपटीस दोर बांधून त्यास किनाऱ्यावर आणीत नाहीत. दोघे-तिघे पाण्यात उतरतात, कल्ल्यांजवळचे आणि परांभोवतीचे फास आधी कापतात आणि माशाचे तोंड खोल पाण्याकडे करून बाजूस होतात. ठिपक्यांची पाठ काही वेळ लाटांखाली दिसते, मग दिसेनाशी होते. उरलेले जाळे ओढून माणसे किनाऱ्यास येतात, ते वाळूवर पसरतात आणि फाटलेल्या जागी नवे सूत घालावयास बसतात.