वस्तादाचा वस्ताद कोण?

कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा माणूस ताई ची करतो, याचं आमच्याकडे अजून हसू होतं. "काका, हवेत पोहताय का?" पोरं विचारतात. लहानपणी तालमीची माती अंगाला लागलेली. पुढे प्लांटचे जिने चढून उतरून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी दौंडहून गाडी धरून पुण्यात एका सरांकडे ताई ची शिकायला जाऊ लागलो. त्या शिकण्यातून हाती लागलेलं हे थोडंफार.

1. घराणं विचारावं, पण ऐकून लगेच पाया पडू नये.

आपल्याकडे नवा पैलवान दिसला की पहिला प्रश्न, "कुठल्या तालमीचा?" गंगावेशचा, मोतीबागेचा म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो. ताई चीतही तेच. चीनच्या हनान प्रांतात चेनजियागोऊ हे चेन घराण्याचं गाव. तिथल्या चेन चांगशिंग (1771–1853) यांच्याकडे यांग लूचान (1799–1872) हा परक्या घरातला माणूस शिकला. घरची विद्या बाहेर देत नसत, म्हणून तो नोकर होऊन राहिला आणि चोरून बघून शिकला, असं रंगवून सांगतात. पुढे पेइचिंगला जाऊन त्याने बड्या लोकांना शिकवलं. त्याचा नातू यांग छंगफू (1883–1936) याने हालचाली मोठ्या, संथ, एकसारख्या केल्या. आज बागेत दिसणारं ताई ची बहुतेक या शाखेचं. चेन घराण्याच्या जुन्या पद्धतीत पाय आपटणं आहे, मध्येच सपकन दिलेला झटका आहे. ती पेइचिंगात शिकवायला चेन फाके 1928 साली आले.

म्हणजे हा संथपणा फार पुरातन नाही. "आमची पद्धत हजारो वर्षांत तसूभर बदलली नाही" असं कुणी सर म्हणाले, तर त्यांच्याकडे जरूर शिकावं, पण इतिहास दुसरीकडून वाचावा. यांगचा नातूही आजोबांसारखं हुबेहूब करत नव्हता.

2. दृष्टान्ताच्या गोष्टी ऐकाव्यात, फक्त त्यांना सातबारा समजू नये.

वुदांग डोंगरावरच्या झांग सानफेंग नावाच्या साधूने साप आणि पक्षी यांची झुंज पाहिली आणि त्याला ताई ची सुचलं, ही गोष्ट सरांनी सांगितली तेव्हा मला आपले बाळंभटदादा देवधर आठवले. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब या मल्लांनी आव्हान दिलं, बाळंभटदादा वणीला सप्तशृंगीच्या पायाशी गेले आणि तिथे मारुतीने लाकडी खांबावर त्यांना मल्लखांब दाखवला, असं आपण मानत आलो. दोन्ही गोष्टी मला आवडतात. पण ताई चीचा माग काढणारे बहुतेक जण सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंगपाशी येऊन थांबतात, आणि त्यावरही अभ्यासकांचे वाद आहेतच. मल्लखांब टिकला तोही बाळंभटदादांनंतर कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे यांच्यासारख्यांनी पोरांना खांबावर चढवलं म्हणून. दृष्टान्त एकालाच झाला, मेहनत सगळ्यांना करावी लागली.

या दोन्ही विद्या एकाच गावात, एकाच वेळी जगाला दिसल्या, हे कळलं तेव्हा मी खूश झालो. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला गेलं होतं, आणि चिनी युद्धकलांचं पथकही. एकमेकांचं बघून ते काय बोलले असतील, कोण जाणे!

3. सर स्वतः किती सुंदर करतात यापेक्षा ते कुणाला कसं दुरुस्त करतात, ते पाहावं.

सुरुवातीला सर काही बोललेच नाहीत. मी वजन उजव्या पायावर घेऊन डावं पाऊल पुढे टाकत होतो. ते मागून आले, दोन बोटं माझ्या कमरेच्या खाचेत ठेवली आणि किंचित आत ढकलली. बस. उजवा गुडघा, जो आतल्या बाजूला कलत होता, तो आपोआप पायाच्या बोटांच्या रेषेत आला आणि मांडी थरथरायला लागली. "आता पाय भरला," ते म्हणाले, "दुसरा रिकामा झाल्याशिवाय उचलू नका." ही खूण त्यांना त्यांच्या सरांनी अशीच, बोटांनी दिलेली. माझ्या लेखी घराणं म्हणतात ते हे. भिंतीवरच्या फोटोंच्या रांगेत ते असेल किंवा नसेल. व्हिडिओ बघून हात कुठे न्यायचा ते कळतं. कमरेत बोट घालायला माणूसच लागतो.

4. गुडघा बोटांच्या पुढे नको, आणि खाली बसण्याची चढाओढ तर नकोच.

फोटोत खोल बैठक छान दिसते. पन्नाशीनंतर उंच उभं राहूनही घाम निघतो.

5. जोडीदार पैलवान असला तर उत्तम.

ताई चीत दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावून ढकलण्याचा सराव असतो. समोरच्याचा जोर अंगावर न घेता वाट करून द्यायची आणि त्याचा तोल गेला की हलकेच लोटायचं. माझा पुतण्या मातीतला, जत्रांच्या फडात कुस्त्या धरणारा. त्याला वाटलं, काकांना दोन सेकंदांत उडवतो. ढकललं त्याने पूर्ण अंगाने; मी कंबर वळवली, तो पुढे गेला. दुसऱ्या वेळी मात्र तो ढकलायला आलाच नाही, थांबला, माझ्या मनगटातला जोर चाचपला आणि मला खाली बसवलं. जे मला सरांनी वर्षभर सांगून जेमतेम कळत होतं, ते त्याला एका झटक्यात कळलं. आखाड्यात समोरच्याचं वजन ओळखायला लहानपणापासून शिकलेला ना तो! घराणं वेगळं, पण कान तयार.

6. छोट्या संचाला नाक मुरडू नये.

1956 साली चिनी सरकारच्या क्रीडा खात्याने यांग पद्धतीतून 24 हालचालींचा संच बसवला. जुन्या वळणाचे लोक त्याला 'सरकारी' म्हणून हसतात. पाचएक मिनिटांत होतो. नाइट शिफ्टहून आल्यावर मला लांबलचक संच कोण करू देणार? नवरात्रात फिरंगाई देवीच्या दर्शनाला रांग लागते, तेव्हा रांगेत उभ्या उभ्याही मी वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेत असतो. बायकोला लाज वाटते.

7. कुरकुंभच्या माणसाने आधी वारा बघावा.

पुस्तकं म्हणतात, पहाटे मोकळ्या हवेत करा. आमची पहाट कधी स्वच्छ, कधी नाकाला झोंबणारी. कारखान्यांचा वास आला की मी घरात, दार-खिडक्या लावून, पंख्याखाली करतो. जागा अपुरी पडते आणि 'घोड्याची आयाळ' या हालचालीत हात कपाटाला थडकतो.