फिरत आलेला पाळणा

शिकागो, १२ मे १९९८. डॅनी कीसर हा दीड वर्षाचाही नसलेला मुलगा सांभाळणाऱ्या बाईंच्या घरी घडीच्या क्रिबमध्ये झोपला होता. क्रिबच्या वरच्या दांड्या मधोमध दुमडल्या आणि त्या बेचक्यात त्याची मान सापडली. तो वाचला नाही. आईवडील लिंडा गिंझेल आणि बोआझ कीसर हे दोघेही शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक. चौकशी करताना त्यांना कळले, की 'प्लेस्कूल ट्रॅव्हल-लाइट' हे मॉडेल १९९३ मध्येच बाजारातून परत मागवण्यात आले होते. डॅनी त्याचा पाचवा बळी होता.

दुःख उराशी धरून ही दोघे गप्प बसली नाहीत. त्याच वर्षी त्यांनी 'किड्स इन डेंजर' ही संस्था काढली. १९९९ मध्ये इलिनॉय राज्यात परत मागवलेल्या बालवस्तू विकण्यास बंदी घालणारा कायदा झाला. २००८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यातल्या एका भागाला तर डॅनीचेच नाव आहे. त्यामुळे उत्पादकाला अशा वस्तूंसोबत नोंदणीचे कार्ड द्यावे लागते. पुढे दोष आढळला तर ग्राहकाला गाठता यावे म्हणून. पाठोपाठ २८ जून २०११ पासून तिथे एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिबची विक्रीही थांबली. बाळाला उचलताना कंबर वाकवावी लागत नाही म्हणून आज्यांना हा प्रकार फार आवडे. पण खिट्ट्या तुटत, बाजू निसटे, आणि गादी व कठड्यामधल्या फटीत मूल अडके.

आपल्याकडे पाळणा विकत घेण्यापेक्षा फिरत येतो. आत्याकडून मामाकडे, तिथून शेजारी. प्रस्तुत लेखिकेच्या नातवासाठीही व्याह्यांच्या माळ्यावरून असाच एक सरकत्या बाजूचा क्रिब उतरला. रंग ताजा, लाकूड भक्कम. हलवून पाहिला तर एका कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खिट्टी तडकलेली, आणि दुसरीकडे स्क्रूच्या जागी कुणीतरी तार पिळलेली. "अहो, तिघं वाढली यात, कुणाला काही झालं नाही," विहीणबाई म्हणाल्या. ते खरेच होते. पण तिघे वाढेपर्यंत स्क्रूची भोके सैल झाली होती. थोडे रुसवेफुगवे होऊन तो क्रिब परत माळ्यावर गेला.

जुना असो वा नवा, आधी टेप घ्यावी. दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असले तर बाळाचे पाय आणि धड बाहेर घसरते, डोके मात्र आत अडकते. गादी घट्ट हवी आणि कडेला दोन बोटांपेक्षा अधिक फट नको. कोपऱ्यांचे खांब वर आलेले नसावेत, त्यांना कपडा अडकतो. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी झोपवताना काढूनच ठेवावी. दृष्ट काढायला इतर उपाय आहेत. जुन्या रंगाबाबतही सावध राहावे. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे भारतीय नियम २०१६ चे आहेत, आणि दात येणारे मूल कठडा कुरतडतेच.

खरी पंचाईत पुढेच आहे. बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या आजीच्या बॅगेत मोहरीची उशी असते आणि सुनेच्या हातात डॉक्टरांचा कागद. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर झोपवा, उशी, गोधडी, मऊ खेळणी काही नको. कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या तर २०२२ च्या कायद्याने तिथे बंदच झाल्या, आणि त्यासोबत दहा अंशांपेक्षा जास्त उताराची झोपायची साधनेही. त्याआधी २०१९ मध्ये फिशर-प्राइस कंपनीने 'रॉक 'एन प्ले' ही अशीच सुमारे ४७ लाख साधने परत मागवली होती, कारण त्यांत बाळे दगावली होती. आपल्या झोळीतही तोच धोका आहे. बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि मान सावरता न येणाऱ्या जिवाचा श्वास कोंडू शकतो. आजीला हे सांगायला धैर्य लागते, पण सांगावे. मांडीवर घेऊन अंगाई म्हणायला कुणाचीच हरकत नाही.

परदेशी बनावटीचा क्रिब असेल तर खालच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या यादीत शोधता येते. पट्टीच नसेल तर तो क्रिब घेऊ नये. आणि टाकून द्यायचा झाला, तर आधी कठडे सुटे करून गज मोडावेत. अखंड दिला तर भंगारवाला तो रंग मारून कुणाच्या तरी बारशाला पोहोचवतो.