हे काम कुणाच्या बिलात?

साइटवर बिलिंग इंजिनिअरला कुणी फारसं मोजत नाही, मोजायचं काम त्याचंच असलं तरी. खोदाई किती घनमीटर झाली, सळई किती टन बसली, प्लास्टर किती चौरस मीटर उतरलं, ते मेजरमेंट बुकात भरायचं आणि महिन्याचं आरए बिल काढायचं. अपघात, धोका वगैरे विषय सेफ्टी ऑफिसरचे, अशी सर्वसाधारण वाटणी. पण एखाद्या कामावर काय कोसळणार हे आधी ओळखायचं कसं, असं आज मला कुणी विचारलं तर मी ड्रॉइंगच्या आधी बीओक्यू, म्हणजे कामाच्या आयटमांची आणि दरांची यादी, मागेन. ज्या कामाचे पैसे कुणालाच मिळत नाहीत ते काम होत नाही. आणि पडतं ते नेमकं तिथंच.

पुण्याच्या एका उपनगरातली साइट. दोन बेसमेंट, म्हणजे वीस-बावीस फूट खोदाई. एका अंगाला जुनी सोसायटी. तिची दगडी कंपाउंड वॉल आमच्या खड्ड्याच्या कडेपासून जेमतेम सहा-सात फुटांवर. वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली कातळ. उन्हाळ्यातला मुरूम फार फसवा. पोकलेनने कापलेली कड खरवसाच्या वडीसारखी सरळ उभी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, हिला कशाला हवाय आधार?

बीओक्यूतला खोदाईचा आयटम नेहमीचाच होता. सर्व प्रकारच्या मातीत खोदाई, उपसा, वाहतूक, पाणी काढणे, आवश्यकतेनुसार शोअरिंग-स्ट्रटिंग, सगळं धरून दर प्रति घनमीटर. म्हणजे आधार दिला तरी तेवढेच पैसे, नाही दिला तरी तेवढेच. आवश्यकता ठरवणार कोण? ज्याच्या खिशातून खर्च होणार तोच. खोदाईचा सबठेकेदार ब्रासवर काम घेतलेला. त्याच्या दृष्टीनं डंपर भरून गेला की विषय संपला. आरसीसी कन्सल्टंटच्या फीमध्ये इमारतीचं डिझाइन होतं, खड्ड्याचं नव्हतं. माती परीक्षण झालं होतं, पण पायाखालची बेअरिंग कपॅसिटी कळावी एवढ्यापुरतं. कडेच्या मातीबद्दल अहवालात अवाक्षर नाही. पीएमसीकडे, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटकडे, देखरेख. जो तो आपापलं काम चोख करत होता.

मे महिन्याच्या शेवटी मोजमाप घ्यायला कडेनं चाललो होतो तेव्हा कडेला समांतर गेलेली एक भेग दिसली. अंगठा जाईल एवढी रुंद. स्टीलचा टेप आत सोडला, तर हातभर गेला तरी तळ लागेना. थोडं पुढे तीच भेग सिमेंटच्या मालानं लिंपलेली होती आणि त्या लिंपणावर पुन्हा केसाएवढी ताजी चीर. कुणी लिंपलं म्हणून विचारलं, तर मुकादम म्हणाला, ‘साहेब, परवा मालकांची व्हिजिट होती ना. वाईट दिसत होतं.’

साइट ऑर्डर बुकात नोंद झाली. शोअरिंगचा भाव मागवून तो एक्स्ट्रा आयटम म्हणून मालकाकडे गेला. मालकानं बीओक्यूतली ती ओळ पुढे केली, हे तुमच्या दरातच आहे. कंत्राटदाराचं म्हणणं, एवढ्या खोल खड्ड्याचं शोअरिंग या दरात कुणी करून दाखवावं. कागदावर दोघंही बरोबर. पत्रं चालू राहिली आणि मृग लागला. पहिल्या दोन मोठ्या पावसांत कड गेली, तिच्याबरोबर सोसायटीची तीस-चाळीस फूट भिंत आणि भिंतीलगत लावलेल्या दोन स्कूटर. पहाटेची वेळ होती, खाली माणूस नव्हता. नंतर कळलं ते असं: सोसायटीची ड्रेनेज लाइन भिंतीलगत कित्येक वर्षं गळत होती, भिंतीला पाणी बाहेर पडायला वीपहोल नव्हतेच, आणि आमच्या बाजूनं सळईची बंडलं नेमकी त्याच कडेवर उतरवली जात होती, कारण ट्रक फक्त तिथपर्यंतच पोचायचा.

असं नशीब सगळ्यांचं नसतं. 29 जून 2019 ला मध्यरात्र उलटून गेल्यावर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि 15 जणांचा जीव गेला. लेबर कॅम्पची जागा ठरते कशी, ते एकदा बघा. स्टोअर, ऑफिस, सळई कापायचं यार्ड, सँपल फ्लॅट यांना जागा दिल्यावर जो कोपरा उरतो तिथं कॅम्प. तो कोपरा बहुतेक वेळा कुठल्यातरी भिंतीच्या पायथ्याशी असतो, कारण पत्र्याच्या खोलीला एक बाजू फुकट मिळते. साइटचा लेआउट काढताना कॅम्प सगळ्यात आधी आखावा, भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडून. जागा नसेल तर बाहेर खोल्या भाड्यानं घ्याव्यात आणि ते भाडं टेंडरमध्येच धरावं. हा माझा आग्रह आहे आणि यावर मी बऱ्याच जणांशी भांडलो आहे.

भिंत पडली त्या दिवशीच्या बैठकीत कुणीतरी दिलासा दिला, ‘पॉलिसी आहे ना आपली.’ होती. कंत्राटदाराची ऑल रिस्क पॉलिसी, जिला सगळे कार पॉलिसी म्हणतात. नाव ऑल रिस्क असलं तरी तिच्यात त्रयस्थाच्या नुकसानीच्या भागात एक नेहमीचा अपवाद असतो: कंपनामुळे, किंवा आधार काढल्यानं वा कमकुवत झाल्यानं शेजारच्या मालमत्तेचं झालेलं नुकसान. शेजाऱ्याच्या भिंतीखालची माती खणली की जे होतं ते नेमकं हेच! ते कव्हर जादा प्रीमियम भरून वेगळं घ्यावं लागतं, आणि काम सुरू होण्याआधी शेजारच्या बांधकामाच्या स्थितीचा अहवाल तयार ठेवावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. प्रीमियम कंत्राटदाराच्या ओव्हरहेडमधून जाणारा, म्हणून मिळेल ती स्वस्त पॉलिसी. तेव्हा पॉलिसीची पहिली प्रत हातात आली की अपवादांचं पान आधी वाचा. शेजारच्या इमारतींचे फोटो काढा, प्रत्येक जुन्या भेगेवर तारीख घाला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची त्यावर सही घ्या. नाहीतर वीस वर्षांपूर्वीचं तडकलेलं प्लास्टरसुद्धा तुमच्याच खात्यावर पडतं.

भेग चालते आहे की थांबली, हे कळायला फार मोठं उपकरण लागत नाही. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं बसवायची. पट्टी तडकली की माती सरकली. कडेपासून खड्ड्याच्या निम्म्या खोलीएवढ्या अंतरात माती, सळई, खडी काही टाकायचं नाही. खड्डा उथळ असला तरी दीड मीटर सोडायचंच. आणि शोअरिंगचा आयटम वेगळा काढायचा, चौरस मीटरच्या दरानं, डिझाइन कोण करणार त्याच्या नावासह. मालक म्हणतात, तरतूद दिसली की कंत्राटदार ती खाणारच. मोजून द्या ना! केलं तेवढं मोजलं, नाही केलं तर शून्य. उलट शोअरिंग दरात लपवलं की ज्यानं ते धरलंच नाही तो सगळ्यात खाली येतो, आणि काम त्यालाच मिळतं.

सेंटरिंगचंही हेच. सेंटरिंगवाल्याला पैसे मिळतात स्लॅबच्या चौरस फुटावर. प्रॉप उभे ठेवण्याचे त्याला काहीच मिळत नाहीत. उलट तेच प्रॉप वरच्या स्लॅबला नेले तर पुढचं बिल निघतं. आयएस 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखाली प्रॉप 7 दिवस हवेत, त्याहून मोठ्या गाळ्याला 14, आणि सहा मीटरवरच्या बीमखाली 21. हे ओपीसी सिमेंटचे दिवस. पीपीसी असेल तर आणखी थांबायला हवं. हे आकडे भिंतीवर चिकटवून कुणी थांबत नाही. प्रॉपचा जादा सेट कामाच्या किमतीत धरला तरच तो थांबतो.

मोठ्या कामांवर हल्ली रिस्क रजिस्टर असतं. एक्सेलची शीट, तांबडे-पिवळे-हिरवे रकाने, आणि जबाबदारीच्या रकान्यात ‘सर्व संबंधित’. मी त्यात एक रकाना वाढवतो: बीओक्यू आयटम नंबर. धोक्यासमोर नंबर लिहिता आला तर कुणीतरी तो बघणार आहे. जिथं रकाना कोरा राहतो, त्या ओळी वेगळ्या कागदावर उतरवून मालकासमोर ठेवायच्या, टेंडर निघण्याआधी. भाववाढीचं कलमही त्यातच बघून घ्यावं. 2021-22 मध्ये सळईचे भाव चढले तेव्हा ते कलम नसलेली कामं कशी रखडली ते बऱ्याच जणांना आठवत असेल.

आणि पावसाळ्याआधी पंपाचा निकाल लावा. रात्रपाळीचा ऑपरेटर कुणाचा, डिझेल कुणाचं, वीज गेली तर दुसरा पंप कुठून येणार, हे मे महिन्यातच लेखी हवं. पंप तासाच्या दरानं असेल तर वही ठेवली जाते, पण वहीवर जाऊ नका. रात्री बारा, दोन, चारच्या नोंदी एकाच पेनानं, एका ओळीत सुबक उतरल्या असतील तर ऑपरेटर झोपला होता असं समजा. जनरेटरच्या तासमीटरवरचा आकडा कालच्याशी ताडून बघायचा, आणि मगच सही करायची.